चार सेकंदांत चाल करणारे साडू

वडील साडूबुवांना,

धाकट्या साडूचा नमस्कार. (वडील म्हणतो ते तुमच्या घरच्या आक्का आमच्या हिच्याहून थोरल्या आणि तुम्ही माझ्याआधी अडीच महिने जन्मलात एवढ्याचसाठी. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही.) आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, जिना चढवतो का, सकाळी खरंच फिरायला जाता की कोपऱ्यावरच्या बाकावर बसून पाऊण तासाने घाम पुसत घरी येता, हे पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारतो. उत्तर कळवायची तसदी घेऊ नका, मला ते माहीत आहे. आपण दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत नसलो तरी आपल्या बायका सख्ख्या बहिणी आहेत आणि रोज साडेदहा ते सव्वाअकरा फोनवर असतात. तुमच्या मोरीतला नळ गळायला लागला की अकरा वीसला मला कळतं. तेव्हा माझ्या मेहनतीने कमावलेल्या ॲसिडिटीची खबर तुम्हालाही असणारच, ती इथे पुन्हा देत नाही.

हे पत्र खुशालीचं नाही, हरकतीचं आहे. परवा शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुमच्या निळ्या फौजेने माझ्या पिवळ्या राजधानीवर झेंडा लावला, कॉम्प्युटरवर पडदाभर 'पराभव' अशी अक्षरं आली, कुणीतरी भोंगा वाजवला आणि आमच्या हिने आतून विचारलं की गॅस बंद केलात का. त्या निकालाला माझी हरकत आहे. पैजेप्रमाणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी जायचं आणि दारात उभं राहून 'नियम तुमचाच बरोबर होता' असं म्हणायचं. मी येणार नाही. म्हणणार तर त्याहून नाही. कारणं खाली देतो. तुम्ही हयात कोर्टात कारकुनी करण्यात घालवलीत, तेव्हा हकीकत पहिल्यापासून क्रमाने मांडलेली तुम्हाला लागते. शिवाय तुमच्या सोयीचं नसलेलं तुम्ही विसरता, हाही अनुभव आहे.

बावीस वर्षं, दर रविवारी दुपारी तीनला, तुम्ही बसने आमच्याकडे यायचात, नवा डाव असला की तो खोका काखेत मारून. तुमच्या बदलून गेलेल्या साहेबाने टाकून दिलेला खोका. आत चादरीएवढा नकाशा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं (एक हजार दोनशे चाळीस. मी मोजली आहेत), नखाएवढ्या चारशे पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे आणि बहात्तर पानी नियमपुस्तक, ज्यातली एकतीस पानं नियमांची आणि एक्केचाळीस अपवादांची होती. त्या पुस्तकाला तुम्ही कोर्टातल्या फायलीचं पुठ्ठ्याचं कव्हर घातलंत, लाल फीत बांधलीत आणि पोटकलमांवर पेन्सिलीने खुणा केल्यात. मी पाणीपुरवठ्यात नकाशे काढणारा माणूस. मला पहिल्याच दिवशी दिसलं की त्या नकाशातली नदी एका ठिकाणी चढावर वाहते. मी ती ऑफिसच्या शाईने दुरुस्त केली, तर तुम्ही म्हणालात, छापील दस्तऐवजात खाडाखोड झाली. नदी मागे फिरवायला लावलीत साहेब तुम्ही मला! ब्लेडने खरवडून! तिथे अजून भोक आहे आणि त्या घरात कुणाची पलटण अडकली की तुम्ही तिला 'दलदलीत' म्हणून एक पाळी बसवून ठेवायचात.

एक मोहीम संपायला अकरा रविवार लागायचे. तोवर आमचं जेवायचं टेबल रणांगण असायचं. आमच्या लेकीने तिसरी ते सातवी ताट मांडीवर घेऊन जेवण केलं आहे. भर उन्हाळ्यात पंखा लावायला बंदी, खिडकी उघडायला बंदी, जोरात हसायलाही बंदी. एकदा तुम्ही शिंकलात आणि माझं अख्खं घोडदळ नदीपार तुमच्या तोफांच्या तोंडी गेलं. मी म्हटलं, परत ठेवा. तुम्ही नाक पुसलंत, फीत सोडलीत, चाळीस मिनिटं पुस्तक चाळलंत आणि म्हणालात की वादळाच्या कलमाखाली हे बसतं. चाळीस मिनिटं, साडूबुवा! एक चाल करायला तुम्हाला एक कप चहा, दोन बिस्किटं आणि 'थांबा हो, घाई कसली' हे सहा वेळा म्हणणं एवढा ऐवज लागायचा. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याचाच प्रश्न येतो.

आता तो पूल. नियम असा की शत्रूची तोफ दोन घरांच्या आत असेल तर पुलावरून रसदेच्या गाड्या जाणार नाहीत, सेनापती स्वतः पुलावर हजर असल्यास मात्र जातील. मी माझा सेनापती गाड्यांच्या बरोबरच पुलावर आणला. तुम्ही म्हणालात, तो आधीपासून तिथे उभा पाहिजे, गाड्यांबरोबर येऊन चालणार नाही. मी म्हटलं, जगात कुठला सेनापती आदल्या दिवसापासून पुलावर उभा राहून गाड्यांची वाट बघतो? तुम्ही म्हणालात, पुस्तक बघा. मी म्हटलं, अक्कल बघा. अर्धा तास हे चाललं. मग टेबल कलंडलं आणि चारशेच्या चारशे सोंगट्या खाली गेल्या. (मी कलंडवलं. बरं, मीच. त्या दिवशी मी पायाला मुंगी चावल्याचं सांगितलं होतं. पुढे वाचा.) तुम्ही पुस्तकाची फीत बांधलीत, चप्पल घातलीत आणि गेलात. खोका आमच्याकडेच राहिला. मी दोन दिवस गुडघ्यांवर रांगत सोंगट्या वेचल्या आणि तुमच्या फोनची वाट बघत बसलो. तुम्ही माझ्या फोनची बघत होतात, असं आक्का म्हणत होत्या. अशी सात वर्षं गेली. लग्नकार्यात आपल्याला दोन टोकांना बसवायची जबाबदारी आता नातेवाइकांत ठरलेली आहे.

अशा परिस्थितीत गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला तुमच्याकडून पाकीट आलं. आत कागद आणि त्यावर तुमच्या मोत्यांसारख्या कारकुनी अक्षरात चार ओळी. तोच जुना खेळ आता कॉम्प्युटरवर आला आहे. माझ्या नावाने विकत घेऊन पाठवला आहे. नियम पाळायचं काम आता मशीन करेल, त्यामुळे भांडण नाही. आणि खाली ती पैज. सही नाही, 'आपला' नाही, काही नाही. मी तो कागद चार वेळा वाचला असं ही सगळ्यांना सांगत सुटली आहे. दोनदा वाचला. बाकी दोनदा नुसता बघितला. त्याच दिवशी साडेदहाच्या फोनवरून आव्हान स्वीकारल्याचं कळवलं, ते तुम्हाला पोचलं असेलच.

कॉम्प्युटरवर खेळ चढवला आमच्या लेकीने. (ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी आमच्याकडे येते.) तिला दुसऱ्या दिवशी तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जायचं होतं, त्यामुळे सगळा कारभार घाईघाईचा. दारात चप्पल घालता घालता ओरडून सांगत होती की बाबा, ते वरचं मोठं पिवळं बटण दाबू नका, खाली बारीक अक्षरांत आहे तिथे जा. मी म्हटलं, ज्या माणसाने चौतीस वर्षं अख्ख्या शहराच्या पाइपलाइनीचे नकाशे काढले त्याला तू बटणं शिकवू नकोस. ती गेल्यावर मी मोठं पिवळं बटण दाबलं. खेळ झकास सुरू झाला. या पोरांना सोपी गोष्ट अवघड करून सांगायची सवयच लागली आहे.

समोर तुम्ही. 'निळे सेनापती' एवढंच नाव लावून. स्वतःचं नाव लिहायची सोय असताना नुसता हुद्दा लावणं हे अगदी तुम्हाला शोभतं. मी पहिली चाल केली, चष्मा पुसायला काढला, डोळ्याला लावला, तोवर तुमची चाल करून झालेली. चार सेकंद! मी घड्याळ लावून बघितलं. दुसऱ्या दिवशीही चार, तिसऱ्या दिवशीही चार. ज्या माणसाला पलटण एक घर पुढे न्यायला दोन बिस्किटं लागायची तो माणूस चार सेकंदांत सबंध सैन्य हलवतो? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बावीस वर्षं तुम्ही जो वेळ खाल्लात तो विचार करायला नव्हताच. तो मला छळायला होता. पहिल्या मिनिटाला चाल ठरलेली असायची आणि उरलेली एकोणचाळीस मिनिटं तुम्ही आमच्या बिस्किटांवर डोळा ठेवून बसायचात!

तुम्हाला गाठायचंच म्हणून मी वेळा बदलल्या. सकाळी सहाला उठून, दात न घासता खेळलो. चार सेकंद. तुमच्या जेवणाच्या वेळेला खेळलो. चार सेकंद. ज्या दिवशी तुमचा गुडघा दाखवायला तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं (अकरा वीसची बातमी) त्या दिवशी तुम्ही नेमके रांगेत बसलेले असताना खेळलो. चार सेकंद! रांगेत बसूनही तुम्ही मोबाइलवरून माझ्या डाव्या बगलेवर तोफा डागत होतात. त्याबद्दल मनात थोडा आदरही वाटला, तो आता मागे घेतो. हिने आक्कांकडे चौकशी केली, तर आक्का म्हणाल्या, रोज चारच्या चहाला कॉम्प्युटर उघडून बसतात, टक लावून बघतात, आणि सुस्कारा टाकून बंद करतात. मी हिला म्हटलं, पाहिलंस? सुस्कारा कसला, डावपेच चाललेत. मला ओळखू येत नाही होय! बगलेवरून गुपचूप येणं, आधी दुबळ्या पलटणीला गाठणं, मी पुढे सरकलो की दोन पावलं मागे जाऊन मला खड्ड्यात ओढणं, ही सगळी तुमचीच लक्षणं. हात बघून माणूस ओळखावा तसा मी चाली बघून तुम्हाला ओळखलं. हिला रोज रात्रीच्या जेवणाला एकेक चाल उलगडून तुमचा स्वभाव समजावून सांगत होतो.

खेळाबद्दल म्हणाल तर खेळ नासवला आहे. मशीनमध्ये फासे नाहीत. म्हणजे आत कुठेतरी आहेत म्हणे, पण टाकतं कोण, पडतात कुठे, टेबलाखाली गेले तर परत टाकायचे की नाही, कशाचा पत्ता नाही. नुसता आकडा येतो आणि आपली पलटण नाहीशी. नियमपुस्तकही नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी? वर घोडे खिंकाळतात, तोफा धडाडतात. ही म्हणाली, तुमच्या घोड्यांना गप्प करा, मला आक्काचं ऐकू येत नाहीये. एक बटण तर असं आहे की केलेली चाल मागे घेता येते. बावीस वर्षांत तुम्ही मला एक सोंगटी मागे घेऊ दिली नाहीत ('हात सुटला की सुटला!') आणि इथे खुशाल सोय करून ठेवलेली. नीतिमत्ता म्हणून काही उरलीच नाही. मी ते बटण एकूण एक्केचाळीस वेळा वापरलं.

शेवटी मला सहन होईना. पडद्यावर बोटाने सोंगटी उचलता येत नाही, पालथी घालून खालचा आकडा बघता येत नाही, हाताला काही लागतच नाही. मग मी माळ्यावरून खोका काढला, जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला आणि पडद्यावरची एकेक पलटण मोजून टेबलावर मांडली. पोस्टाची तिकिटं उचलायच्या चिमट्याने, पहिल्यासारखी. सव्वीस सोंगट्या सापडल्या नाहीत, त्यांच्या जागी हिच्या डब्यातली बटणं घेतली. (तुमचा तोफखाना म्हणजे तिच्या जुन्या कोटाची मोठी बटणं आहेत.) तेव्हापासून माझा शिरस्ता असा: तुमची चाल पडद्यावर बघायची, टेबलावर करायची, खरे फासे टाकायचे, आपली चाल टेबलावर ठरवायची, ती पडद्यावर करायची. आता फासे दोन ठिकाणी पडायला लागल्यावर निकालही दोन लागायला लागले. पडद्यावर माझं घोडदळ गारद, टेबलावर ठणठणीत. पडद्यावर टेकडी तुमची, टेबलावर माझी. दहा दिवसांत दोन वेगळी युद्धं झाली. टेबलावरच्या युद्धात मी तुम्हाला पार नदीपर्यंत रेटलं होतं, आणि मी जरा जास्त तेच बघत होतो, हे मान्य करतो. ही उभ्याने जेवत म्हणाली, टेबलावर जिंकताय ना, मग तिथेच थांबा.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. (मुंगीचं सोडा.) दुसऱ्या आठवड्यात मी तुमचा उजवा मोर्चा फोडून तीन पलटणी एका दमात कोंडल्या. सुंदर चाल होती ती. तुम्ही चार सेकंदांनी तुमची चाल केलीत आणि त्याबरोबर पडद्यावर निरोप आला, इंग्रजीत, 'उत्तम खेळलात, सेनापती.' इंग्रजीत लिहायचा शिष्टपणा नवा आहे, पण ते असो. साडूबुवा, बावीस वर्षांत तुम्ही मला एकदाही उत्तम म्हटलं नव्हतंत. सात वर्षांत तर 'बरं आहे' सुद्धा नाही. मी चिमटा खाली ठेवला आणि बराच वेळ काही खेळलोच नाही. ही आली, काय झालं म्हणाली, मी म्हटलं डोळ्यांत काहीतरी गेलंय. मग मीही त्या निरोपाच्या चौकटीत लिहून पाठवलं, 'तुम्हीसुद्धा.' आणि मग धीर करून, 'गुडघा कसा आहे?' त्यावर तुमचं अवाक्षर नाही. उलट चार सेकंदांत माझ्या दारूगोळ्याच्या कोठाराला आग! हे मला लागलं. लढाईत कोठार जळणारच, पण गुडघ्याचं विचारलेल्या माणसाला निदान 'ठीक' म्हणावं.

त्यानंतर मी रागाने खेळलो, ते चुकलं. शेवटी सगळं त्या पुलावरच आलं, तुम्हाला यायचंच होतं तिथे. तुमची तोफ दोन घरांवर. माझं निम्मं सैन्य पलीकडे उपाशी. मी सात वर्षांपूर्वी केलं तेच केलं: सेनापती आणि रसदेच्या गाड्या एकदम पुलावर. टेबलावर गाड्या बिनबोभाट पलीकडे गेल्या, मीच नेल्या. पडद्यावर मात्र गाड्या राखाडी झाल्या आणि पुलाच्या तोंडाशी थांबल्या. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, चाल मागे घेतली, पुन्हा केली. गाड्या जागच्या हलायला तयार नाहीत. नुसत्या उभ्या, तुमच्यासारख्या, तोंड शिवून. पुढचे तीन दिवस माझं उपाशी सैन्य एकेक करून नाहीसं होताना मी हात चोळत बघत होतो आणि शुक्रवारी तुम्ही झेंडा लावलात.

तेव्हा माझी हरकत अशी की मशीनला नियम शिकवणारा माणूस तुमच्याच जातकुळीचा, फितीत बांधलेला कारकून असणार. दुसरं, तुम्ही चार सेकंदांत खेळलात हा सभ्यतेचा भंग आहे. समोरच्याला विचार करायला लाज वाटावी अशा वेगाने खेळू नये. तिसरं, टेबलावर मी जिंकत होतो आणि बावीस वर्षं आपण टेबलच प्रमाण मानत आलो. चौथं, गुडघ्याच्या चौकशीचं उत्तर आलं नाही. सबब पैज मला लागू होत नाही. मी तुमच्या दारात येऊन उभा राहणार नाही, ते वाक्य म्हणणार नाही आणि हा विषय माझ्या बाजूने संपला आहे. आक्कांना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला (रीत म्हणून),
धाकटा साडू

ता. क. रविवार, संध्याकाळ. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. लेक ट्रेनिंगहून आली. तिने टेबल बघितलं, बटणं बघितली, मग पडदा उघडला आणि कपाळाला हात लावून खालीच बसली. मोठं पिवळं बटण म्हणजे मशीनशी खेळायचं बटण होतं. निळा सेनापती हे मशीनचंच नाव. चार सेकंद मशीनचे, बगलेवरून येणं मशीनचं, दवाखान्यातल्या तोफाही मशीनच्याच. तुमच्या स्वभावाबद्दल वर जे जे लिहिलं आहे ते सगळं एका यंत्राबद्दल लिहिलं गेलं आहे, असं समजून वाचावं. (बिस्किटांचा मजकूर मात्र कायम.) आणि 'उत्तम खेळलात' हेसुद्धा ते प्रत्येकाला म्हणतं म्हणे. तीन पलटणी कोंडल्या की आपोआप. ही पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ता. क. दुसरं. खालच्या बारीक अक्षरांतलं लेकीने उघडून दाखवलं. तिथे तुमचं आमंत्रण होतं, तुमच्या पूर्ण नावाने. पहिली चाल करून ठेवलेली, एकच पलटण एक घर पुढे. खाली लिहिलं होतं, 'तुमची पाळी. घाई नाही.' तारीख माझ्या वाढदिवसाची. तेवीस दिवस झाले. म्हणजे तुम्ही रोज चारला कॉम्प्युटर उघडून बघत होतात ते हेच. मी इकडे भलत्याशीच लढत होतो आणि तिकडे तुम्ही माझ्या एका चालीची वाट बघत होतात, आणि आक्कांकडूनही विचारलं नाहीत. एवढे कसे हो तुम्ही ताठ? मला निदान हिच्याकडून दोन शब्द सुनवायचे होतेत. मी बघतच राहिलो त्या ओळीकडे. लेक पाणी घेऊन आली.

ता. क. तिसरं. ही म्हणते, चला, म्हणजे तुम्ही एकमेकांशी खेळलाच नाहीत, हरला कुणी नाही, कुणी कुणाकडे जायला नको. लेक म्हणते, आता नीट सुरू करा, खालच्या बटणावरून. मी विचार केला. आता खरेखुरे तुम्ही खेळणार, म्हणजे एका चालीला चाळीस मिनिटं आणि बिस्किटं. अकरा रविवारांचे बावीस होणार. तुमचा गुडघा आणि माझी ॲसिडिटी तेवढं थांबतील याचा भरवसा नाही. शिवाय हरला कुणी नाही हे हिचं म्हणणं मला पटत नाही. पडदाभर 'पराभव' आला होता, भोंगा वाजला होता, मी स्वतः ऐकला. माझ्या गाड्या पुलावर अडल्या त्या तुम्ही अडवल्या नव्हत्या. तुम्ही तर चारच्या चहाला बसला होतात. तेव्हा नियम काय आहे ते मला कळलं आहे आणि पैजेत हरणाऱ्याने काय करायचं तेही कागदावर आहे.

ता. क. शेवटचं. शनिवारी सकाळी अकराच्या बसने येतो आहे. एकटाच, सामान फारसं नाही. हिला आणि लेकीला मी तुमचा गुडघा बघायला निघालो असं सांगितलं आहे, आक्कांनाही तेच सांगा. एक विनंती आहे, सबंध पत्रात तेवढी एकच. घंटा वाजली की आक्कांना पाठवू नका, गुडघा दुखला तरी दार तुम्ही स्वतः उघडा. ते वाक्य मी एकदाच म्हणणार आहे.